वसईच्या दर्यात मत्स्यशोधक यंत्र

(वसई तालुक्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, खोचिवडे, अर्नाळा या आपल्या मच्छिमार वस्त्यांच्या बंदरांत उभ्या असलेल्या यांत्रिक नौकांकडे पाहिले, तर त्यांतील अनेकींच्या केबिनमध्ये तांडेलासमोर एक लहानसा रंगीत पडदा बसविलेला दिसतो. व्यवहारात त्याला फिशफाइंडर म्हणतात. आपण त्याला मत्स्यशोधक यंत्र म्हणू. नाव सोयीचे आहे, परंतु ते ऐकून होणारा समज मात्र पुरता खरा नाही. हे यंत्र पाण्यात ध्वनी सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजते, एवढेच त्याचे काम. त्या प्रतिध्वनीत मासळी कोणती, चिखल कोणता आणि नुसते बुडबुडे कोणते, हा निवाडा तांडेलालाच करावा लागतो. तो निवाडा वसईच्या दर्यात इतर ठिकाणांपेक्षा अवघड का आहे, हे सांगण्यासाठीच मी आज आपल्यासमोर उभा आहे.

या शोधाचा इतिहास मी थोडक्यात सांगतो. १९१२ साली टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाले आणि पाण्यात पुढे काय आहे हे ध्वनीच्या साह्याने ओळखता येईल काय, याचा विचार निरनिराळ्या देशांत जोराने सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्यांच्या भीतीने त्याला आणखी गती मिळाली. मासळीच्या बाबतीत या विद्येचे महत्त्व प्रथम नॉर्वेत पटले. तेथील शास्त्रज्ञ ऑस्कर सुंड यांनी लोफोटेन बेटांजवळील कॉड माशांच्या थरांचे ध्वनिचित्र १९३५ साली प्रसिद्ध केले. पुढे जपानमधील नागासाकी प्रांतात फुरुनो बंधूंनी १९४८ साली सामान्य मच्छिमाराला वापरता येईल असे यंत्र तयार केले, आणि मग ते जगभर पसरले.

तत्त्व अगदी साधे आहे. शिक्षकमित्रांना तर ते माध्यमिक शाळेच्या विज्ञानातील प्रतिध्वनीच्या धड्यावरून परिचितच आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर. नौकेच्या तळाला बसविलेला ट्रान्सड्यूसर ध्वनीचा एक ठोका खाली सोडतो. तो तळावर आपटून परत येतो. त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर काढावयाचे आणि जाण्यायेण्याचे मिळून ते दुप्पट असल्याने त्याचे अर्धे करावयाचे. पाणी ३० मीटर खोल असेल तर हा सारा प्रवास सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पुरा होतो. वाटेत मासा भेटला तर त्याचाही प्रतिध्वनी येतो, तो तळाच्या आधी. असे अनेक ठोके एकापुढे एक मांडले म्हणजे पडद्यावर चित्र उमटते.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. गुंतागुंत पुढेच आहे. माशाच्या अंगात काय आहे, यावर त्याचा प्रतिध्वनी अवलंबून असतो. माशाचे मांस हे ध्वनीच्या दृष्टीने पाण्याहून फारसे वेगळे नाही. ध्वनी त्यातून बहुतांशी पार निघून जातो. हवा मात्र ध्वनीला भिंतीसारखी अडविते. पुष्कळ माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. शरीराच्या आकारमानाच्या मानाने ती लहान असते, समुद्रातील माशांत साधारणपणे विसावा हिस्सा. तरी ज्या माशाला वाताशय आहे त्याच्याकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा ९० टक्क्यांहून अधिक भाग त्या पिशवीचाच असतो. म्हणजे पडद्यावर जो मासा दिसतो तो खरे पाहता माशाच्या पोटातील हवेचा ठिपका असतो.

आता आपल्या दर्यातील मासळीची या दृष्टीने विभागणी करून पाहा. घोळ, कोत, ढोमा, दाढा, वाम, शिंगाळा यांना वाताशय आहे, मांदेलीलाही आहे. परंतु ज्या बोंबलावर आपले डोलकर जगतात त्या बोंबलाला वाताशय नाही. शिवाय त्याच्या अंगात ८५ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. समुद्रातला ध्वनी त्याला जवळजवळ ओळखतच नाही म्हणाना! वाढ झालेल्या पापलेटला वाताशय नाही. सुरमईला नाही, मुशीला नाही, पाकटाला नाही. करंदी आणि जवळा यांना तर ते असण्याचा प्रश्नच नाही. दाट थवा असला तर हे जीवही पडद्यावर फिकट धुक्यासारखे उमटतात, पण ती खूण पुसट असते आणि सहज चुकते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले. त्या राज्यमाशाला हे यंत्र नीट पाहू शकत नाही, ही वस्तुस्थिती यंत्र विकत घेणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगितली पाहिजे.

नॉर्वेच्या कॉड माशाला मोठे वाताशय असते. ज्या थंड समुद्रांत हे यंत्र वाढले तेथील अनुभव, तेथील माहितीपत्रके आणि तेथील चित्रे आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, याचे कारण हे आहे. दोष यंत्राचा नाही. आपली मासळीच वेगळी आहे.

मग वसईच्या मच्छिमाराने हे यंत्र घ्यावे की न घ्यावे? माझे मत असे आहे की घ्यावे, परंतु मासे शोधण्यासाठी म्हणून घेऊ नये. त्याचा पहिला आणि निश्चित उपयोग तळ वाचण्याचा आहे. पूर्वी आपले तांडेल दोरीला वजन बांधून पाणी वावांत मोजीत आणि वजनाला लागून आलेला चिखल बोटांनी चोळून जागा ओळखीत. तेच काम हे यंत्र चालत्या नौकेवरून अखंड करते. कठीण तळाचा प्रतिध्वनी जोरदार येतो. बहुधा दुप्पट खोलीवर त्याची दुसरी, फिकी रेषाही उमटते, कारण ध्वनी तळावरून पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन पुन्हा खाली गेलेला असतो. मऊ गाळाची रेषा जाड आणि पसरट दिसते, दुसरी रेषा क्वचितच येते. एवढी एक गोष्ट नीट शिकली तरी यंत्राची निम्मी किंमत वसूल झाली असे समजावे.

डोल जाळ्याच्या दृष्टीने याला किती महत्त्व आहे हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. डोल हे मासळीचा पाठलाग करणारे जाळे नव्हे. तळात रोवलेल्या खांबांना, ज्यांना आपण कव म्हणतो, ते बांधावयाचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीने जे आत येईल ते पाणी थबकले म्हणजे काढून घ्यावयाचे. एकदा कव रोवली की जागा हलविता येत नाही. म्हणून ती निवडतानाच खोली किती, गाळ किती जाड, जवळपास खडक आहे काय, हे कळणे आवश्यक आहे. मुंबईपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात भूखंडमंच फार रुंद आहे आणि उतार इतका मंद आहे की दोन-तीन मीटरांचा फरक डोळ्यांना वा हाताला जाणवत नाही. यंत्राला जाणवतो. मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. उधाणाच्या वेळी आपल्याकडे भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यात चार मीटरांहून अधिक अंतर पडते. सकाळी १८ मीटर दाखविणारी जागा दुपारी २२ मीटर दाखवील. भरतीची वेळ न लिहिता नुसती खोली लिहून ठेवली तर ती नोंद निरुपयोगी ठरते.

कवींचा विषय निघालाच आहे, तर थोडे विषयांतर करतो. वसई-उत्तनकडील डोलकर आणि सातपाटी-डहाणूकडील वागरा लावणारे मच्छिमार यांच्यात या कवींवरून दीर्घकाळ वाद चालत आलेला आहे. वाहती जाळी कवींत अडकून फाटतात, अशी एका बाजूची तक्रार. आमच्या परंपरागत जागा आम्ही का सोडाव्यात, असा दुसऱ्या बाजूचा प्रश्न. न्याय-अन्यायाचा निर्णय माझ्यासारख्याने देऊ नये. तथापि प्रत्येक कवीचे स्थान उपग्रह-स्थाननिर्देशकाने आणि तेथील खोली या यंत्राने नोंदवून दोन्ही बाजूंच्या संस्थांकडे एकच नकाशा ठेवणे आज शक्य आहे. मग निदान जाळे कोठे फाटले यावर तरी वाद राहणार नाही. बुडालेली जहाजे, तेल आणि वायू वाहून नेणाऱ्या नळवाहिन्या यांच्याबद्दलही असेच म्हणता येईल. १९७६ साली आपल्या किनाऱ्यासमोर, दूर समुद्रात सापडलेल्या वायुक्षेत्राला बसीन हे वसईचेच जुने नाव दिले गेले, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. अशा समुद्रातील उत्पादन-मंचांभोवती ५०० मीटरांच्या आत नौका नेण्यास बंदी आहे आणि ती पाळणे जाळ्याच्याही हिताचे आहे.

आता पडद्यावरील चित्र कसे वाचावे याविषयी. सर्वांत मोठा गैरसमज असा की पडदा म्हणजे खिडकी आहे आणि तिच्यातून नौकेच्या पुढचे पाणी दिसते. तसे नाही. पडद्याच्या उजव्या कडेला जी उभी रेघ असते तेवढीच आताची. तिच्या डावीकडचे सर्व चित्र होऊन गेलेल्या क्षणांचे आहे. ते पाणी नौकेने मागे टाकलेले असते. मासा कमानीच्या आकाराचा दिसतो याचेही कारण तेच आहे. नौका माशाजवळ येताना अंतर कमी होत जाते, बरोबर माथ्यावर आली म्हणजे ते सर्वांत कमी असते, पुढे गेली की पुन्हा वाढते. नौका नांगरलेली असेल आणि मासाही स्थिर असेल तर कमान न उमटता लांबलचक आडवी रेघ उमटते. नवशिक्या माणसाला तो केवढा तरी मोठा मासा वाटतो.

दुसरी गोष्ट शंकूची. ध्वनी खाली जाताना पसरत जातो. सामान्यतः यंत्रांत ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन कंपनसंख्या असतात. २०० ची शलाका अरुंद असते. ती १२ अंशांची धरली तर ३० मीटर खोलीवर तळाचे जेमतेम सहा मीटर रुंदीचे वर्तुळ तिच्या टप्प्यात येते. ५० ची शलाका ४५ अंशांची धरली तर त्याच खोलीवर सुमारे २५ मीटरांचे. अरुंद शलाका बारकावे दाखविते, रुंद शलाका अधिक क्षेत्र दाखविते पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळते. आपल्या उथळ आणि गढूळ पाण्यात बहुधा २०० चाच उपयोग अधिक होतो. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्याची सवय मात्र लावून घ्यावी.

गढूळ पाणी म्हटले म्हणजे आपल्या दोन खाड्या आल्याच. दक्षिणेला उल्हासचे मुख असलेली वसईची खाडी आणि उत्तरेला अर्नाळ्याजवळ वैतरणेचे मुख. ओहोटीच्या पाण्याबरोबर गाळाचे ढगच्या ढग समुद्रात उतरतात. ते पडद्यावर धुक्यासारखे दिसतात आणि जवळ्याचा थवाही तसाच दिसतो. यंत्राची संवेदनशीलता वाढविली की दोन्ही गडद होतात, कमी केली की दोन्ही पुसट होतात. येथे अनुभवावाचून गत्यंतर नाही. काही यंत्रांत माशाची चित्रे आपोआप उमटविण्याची सोय असते. लहान ठिपक्यासाठी लहान मासा, मोठ्यासाठी मोठा. विक्रेते ही सोय मोठ्या कौतुकाने दाखवितात. ती बंद ठेवावी असा माझा आग्रहाचा सल्ला आहे, कारण ते यंत्राचे अनुमान असते आणि तांडेलाचे अनुमान त्याहून चांगले असते. ट्रान्सड्यूसर पंख्यापासून दूर बसवावा, नाहीतर पंख्याने उठविलेले बुडबुडेच मासळी म्हणून मिरवतील.

यंत्राचा दुसरा उपयोग इंधनाचा. समुद्रातील फेरीच्या खर्चात डिझेलचा वाटा मोठा असतो. ते शासन सहकारी संस्थांच्या सभासदांना डिझेलवरील कराचा परतावा देते यावरूनही लक्षात येईल. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहाने मोजलेले पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून संभाव्य मत्स्यक्षेत्रांची माहिती प्रसृत करते. ती मराठीतही मिळते. पालघर येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी प्रारंभ झालेल्या, सुमारे ३६० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय योजनेनुसार एक लाख नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसवावयाचे आहेत. त्यावरून नौका आणि किनारा यांच्यात दुतर्फा संदेश जाऊ शकतात. उपग्रहाला पाण्याच्या वरचा थरच दिसतो आणि आभाळ भरले की तोही दिसत नाही. मत्स्यशोधक यंत्राला फक्त नौकेखालचे दिसते. दोन्ही एकत्र वापरली तर भटकंती कमी होते. एकट्याच्या जोरावर ती फारशी होत नाही.

आणि आता जी गोष्ट सांगताना मला थोडी चिंता वाटते तिच्याकडे येतो. बोंबील आणि पापलेट या यंत्रापासून पुष्कळसे सुटतात. परंतु घोळ माशाला ते उत्तम पाहते. ज्या वाताशयामुळे घोळ पडद्यावर ठळक उमटतो तेच वाताशय म्हणजे आपण ज्याला बोत म्हणतो ते. परदेशच्या बाजारात त्याला फार मोठी किंमत येते. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यातील मुरबे येथील एका नौकेला एका फेरीत १५७ घोळ मिळाले आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाले, ही बातमी देशभर गाजली. अशी बातमी वाचून कर्ज काढून यंत्र घेण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु घोळ अंडी घालण्याच्या काळात थव्याने एकत्र येतो. एरवी विखुरलेला मासा त्या दिवसांत एका जागी, पडद्यावर ठळक दिसेल असा उभा असतो. तो थवा एकदा सापडला आणि जागा स्थाननिर्देशकात नोंदली गेली, की पुढल्या वर्षी पुन्हा तेथे जाता येते. थवा आहे तोपर्यंत जाळे भरतच राहते आणि मासळी घटली आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉडचे असेच झाले. मासळी उरली होती ती थोड्या जागी दाटीने राहत होती आणि यंत्रे ती जागा अचूक दाखवीत होती. जुलै १९९२ मध्ये सरकारला तेथील कॉडची मासेमारी थांबवावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. याउलट उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकावरील इंजिनू या आदिवासी वस्तीचे आहे. तेथेही घोळच, तीच जात. थव्यात मोठ्या माशांऐवजी लहान मासेच येऊ लागले आहेत असे सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी दिसून आले, तेव्हा त्या वस्तीने स्वतः ठरवून दोन वर्षे घोळ पकडणे बंद ठेवले. पंचायतीच्या सदस्यांनी हे उदाहरण विशेष लक्षात घ्यावे.

काहींना वाटेल, लहान घोळ आला तर परत पाण्यात सोडला म्हणजे झाले. राज्याने व्यापारी महत्त्वाच्या ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरविले आहे. पापलेटसाठी ते १३.५ सेंटिमीटर आहे, आणि डोलीच्या बारीक आसाच्या टोकात अडकणाऱ्या पिलांच्या दृष्टीने ते फार आवश्यक होते. परंतु घोळाच्या बाबतीत सोडून देणे पुरत नाही. २० मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरील दाबाच्या तिप्पट असतो. तेथून मासा एकदम वर ओढला की त्याच्या वाताशयातील हवा तिप्पट फुगू पाहते आणि आतले अवयव दुखावतात. असा मासा सोडला तरी बहुधा जगत नाही. म्हणून घोळाच्या बाबतीत निर्णय जाळे टाकण्यापूर्वी, पडद्यासमोर असतानाच घ्यावा लागतो.

कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा करून दंड वाढविण्यात आले. प्रखर एलईडी दिव्यांच्या साह्याने मासे गोळा करण्यावर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. जूनच्या आरंभापासून जुलैअखेर अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदीही पश्चिम किनाऱ्याने पाहिली आहे. मत्स्यशोधक यंत्रावर बंदी नाही आणि ती असू नये असेच मी म्हणेन, कारण खडक, कव आणि बुडालेले जहाज टाळण्यासाठी ते लहान नौकेलाही हवे. परंतु डोलकर एका जागी बसून ओढीची वाट पाहतो आणि शिकारी नौका यंत्र, दिवे आणि प्रचंड जाळे घेऊन मासळीमागे धावते, या दोघांच्या हाती एकच यंत्र असले म्हणून ते बरोबरीचे होत नाहीत. कर्ज व अनुदानाची प्रकरणे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा भेद लक्षात ठेवावा. यंत्रासाठी पैसे देण्यापूर्वी ते वाचण्याचे आठ दिवसांचे शिक्षण द्यावे, एवढीच माझी त्यांना विनंती आहे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे. ती आपल्यापासून काही लांब नाही.

शेवटी एक काम सुचवितो. त्याला खर्च नाही. प्रत्येक बंदरावर संस्थेच्या कचेरीत एक वही ठेवावी. तिच्यात तारीख, तिथी आणि भरतीची वेळ, जागा, पडद्यावरील खोली, पडद्यावर काय दिसले आणि जाळ्यात काय आले, एवढे रकाने असावेत. तांडेलाला लिहिण्यास सवड नसते. माध्यमिक शाळेतील मुले परत आलेल्या नौकांवरून ही माहिती विचारून लिहू शकतील आणि प्रतिध्वनीचा धडा त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हाच ट्रान्सड्यूसरवर चढलेले शिंपल्यांचे कवच हलक्या हाताने साफ करून घ्यावे, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतरची पहिली नोंद विश्वासार्ह होईल. आणि पडद्यावर काहीच न दिसता जाळे बोंबलांनी भरून आले, अशा दिवसांच्या नोंदी मुलांनी लाल शाईने कराव्यात. येत्या दोन-तीन हंगामांत आपल्याला सर्वांत जास्त गरज त्याच नोंदींची पडणार आहे.